टिल्ल्या आन आमचं मालक

आमच्या सणसरला कुत्रं म्हंजी शिळी भाकरी खाऊन गोठ्याम्होरं पडणारं. आन आमच्या पोरानं, संदेशनं आणलं काय, तर मांजराएवढं, पांढरंफेक, एका कानावर तांबडा डाग. लोणी देवकरच्या त्याच्या कंपनीतल्या सायबाची बदली झाली आन हे ध्यान आमच्या गळ्यात पडलं. टेरियर जातीचं म्हणं. मी म्हणलं, "आरं, ह्याच्यापरीस आपला कोंबडा थोर हाय."

आल्या आल्या त्येनं चुलीतली राख उकरली, न्हाणीचा कोपरा उकरला, सुनंची नवी चप्पल कुरतडली. मी म्हणलं, हाकला ह्येला. पण आमचं मालक, म्हंजी गावाचं गेणूतात्या, त्येंनी कुत्रं उचललं, तोंडाम्होरं धरलं आन म्हणलं, "ह्येला काम न्हाय, म्हणून घर उकरतंय." जल्मभर मुकाट राबलेला माणूस. एवढं लांबलचक मी त्येंच्या तोंडून कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासनं ते कुत्रं, आमचा टिल्ल्या, डाळिंबाच्या बागंत. मालकांनी हाळी दिली की ओळीतनं सुसाट सुटायचा. पोपट, साळुंक्या, कावळं, कुणाची बसायची छाती न्हाय. सांजच्याला वट्ट्यावर मालक त्येच्या कानामागनं गोचीड काढायचं, उन्हाळ्यात वला बारदाना हातरून त्यावर निजवायचं. मला कधी "जेवलीस का" म्हणलं न्हाय, त्येला रोज इचारायचं. जीव जळायचा माझा, खोटं कशाला बोलू.

मग मालक गेलं. बागंतच पाणी सोडता सोडता बांधावर टेकलं, ते उठलं न्हाईत.

टिल्ल्या रडला न्हाय, उपाशी ऱ्हायला न्हाय. त्येच जास्त वंगाळ वाटायचं. सकाळी बांधावरनं चालायचा, मधीच थांबायचा, वळून मान वर करायचा, माणसाचं तोंड आसतं तितं बघून शेपूट हलवायचा आन मग म्होरं निघायचा. सांजच्याला वट्ट्यावर एकटाच मान वाकडी करून बसायचा. आमची सून अनिता भिऊन म्हणली, "आत्याबाई, त्येचा कान आपसूक मुडपतोय बघा." मी म्हणलं, "माशी आसंल." माशी नव्हती.

दहाव्याला नीरंच्या काठी पिंड मांडला. झाडावर कावळं मायंदाळ. एक उतरला की टिल्ल्या धावायचा. संदेशनं त्येला सावलीतल्या गाडीत कोंडला, तरी कावळा शिवंना. यायचा, पिंडापासनं हातभर ऱ्हायला की भडकून माघारी. वारं नव्हतं, जवळ माणूस नव्हता. आन काचंआडनं टिल्ल्या पिंडाशेजारच्या मोकळ्या जागंकडं बघून शेपूट हलवत हुता.

लोकं कुजबुजली, काय तरी इच्छा ऱ्हायली. संदेश हात जोडून म्हणला, "तात्या, बाग मोडणार न्हाय." न्हाय शिवला. अनिता म्हणली, "मामा, टिल्ल्याला लेकरागत संभाळू." तरी न्हाय. ऊन चढलं तसं भटजी दर्भाचा कावळा वळायला बसलं. दर्भाच्या कावळ्यावर बोळवण केली की माणूस अडकून ऱ्हातो, आसं आमच्यात मानत्यात. राबराब राबलेला माणूस मेल्यावर तरी सुटावा, एवढंच मला पायजे हुतं.

त्या मोकळ्या जागंकडं बघता बघता मला उमगलं. इच्छा कसली ऱ्हातीय त्या माणसाची? कधी काय मागितलं हुतं त्येनं? मालक राखण करत हुतं. पाखरू आलं की हाकलायचं, दुसरं त्येंला ठावंच न्हाय.

मी उठले, पदर सावरून पिंडापाशी गेले. भर उन्हाचं तितं गार लागत हुतं. हळूच म्हणलं, "मालक, ही आपली बाग न्हाय. खाऊ द्या त्येंला. झाली राखण. जावा आता तुमी."

कावळा आला आन शिवला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाया उठल्या, पत्रावळ्या मांडायची घाई सुरू झाली. गाडीत टिल्ल्याची शेपूट थांबली. नदीच्या कडंनं कुणी लांब लांब जावं तशी त्येची मान हळूहळू वळत गेली, आन मग काचंला नाक लावून त्यो रडायला लागला.

मला पायजे हुतं त्येच झालं. पण इतकं दिवस मालक हितंच हुतं, आन त्येंला मी बोलले ते एकदाच, जावा म्हणायला.