मागून हाक आली नाही

उदगीरच्या मोंढ्यात हमाली करता करता मी सौदा शिकलो. भाव पटला नाही की उठायचं, चपला सावकाश घालायच्या, दहा पावलं चालायची. मागून हाक येतेच. त्याच रिवाजावर वर्कशॉप उभं केलं आणि त्याच्यापायीच माझं मशीन परदेशात परक्याचं झालं.

तेल न लावता तुरीचं साल काढणारं ते मशीन. पेटंटचा पहिला अर्ज नांदेडच्या एका वकीलबाईंनी भरला. बाहेर देशात हक्क हवा असेल तर त्या तारखेपासून वर्षाच्या आत तिकडचा अर्ज जायला हवा, मग तिथंही पहिलीच तारीख धरतात, हे त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. त्या भरवशावर मी लातूरच्या प्रदर्शनात मशीन उघडं मांडलं. टांझानियातही तूर पिकते. तिथला एक डाळमिलवाला फोटो काढून, मापं विचारून गेला.

अकराव्या महिन्यात नांदेडला गेलो. बाईंनी खर्च सांगितला, मी निम्मा म्हणालो. सरकारी फी त्यांच्या हातात नव्हती. स्वतःच्या फीत त्यांनी थोडं सोडलं. ते 'थोडं' मला झोंबलं. चार कडक शब्द बोलून उठलो. दारात चपलेचा पट्टा दोनदा काढून लावला. हाक आली नाही.

घरी बायकोला सांगितलं, फोन येईल, आधी करणारा हरतो.

"अहो, तुरीचं पोतं आज नाही गेलं तर उद्या जातंय," ती म्हणाली. "तारखेचं तसं हाय का?"

मी ताट सरकवून उठलो.

वर्ष उलटल्यावर तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला. "मॅडम, एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?"

"मला वाटलं, तुम्ही दुसरा वकील धरला." मग त्यांनी सांगितलं की आता तिकडे नवा अर्ज केला तर माझंच प्रदर्शन आडवं येईल, सगळ्यांनी पाहिलेलं नवं धरत नाहीत.

बाईंवरचा राग अजून गेलेला नाही. त्यांना माझी तारीख माहीत होती.

परवा त्या डाळमिलवाल्यानं व्हिडिओ पाठवला. मशीन तिकडंच बनवून घेतलेलं. दांडा डावीकडे, कारण मी डावखुरा. चालवणारा उजव्या हाताचा होता, वाकडा होऊन ओढत होता.