सुभेदाराचं पोटात राहिलेलं वृषण

अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. करड्या धुक्यात लिंबाएवढं काहीतरी दिसत होतं.

"हे त्याचं दुसरं वृषण. खाली उतरलंच नाही, पोटात राहिलं. सर्टोली सेल ट्यूमर दिसतोय."

सर्टोली सेल ट्यूमर म्हणजे वृषणातल्या एका प्रकारच्या पेशींची गाठ. ही गाठ पुष्कळदा इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, तयार करते. नराच्या अंगात. ते फार साचलं की बोन मॅरोवर, म्हणजे हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेवर, घाला घालतं आणि अस्थिमज्जा रक्त बनवायचं बंद करते.

सुभेदाराचं रक्त बनायचं जवळजवळ बंद झालं होतं.

सुभेदार आमचा मिनिएचर श्नाउझर जातीचा कुत्रा. वय आठ, झुपकेदार मिशा, चेहऱ्यावर कायम वसुलीला आल्यासारखा भाव. मी मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर. चार महिने समुद्रावर, तीन महिने सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये. घरी बायको स्मिता आणि चौदा वर्षांची मुलगी ईरा.

हे लिहितोय ते, घरात नर कुत्रा आहे आणि ‘न्यूटर करायचं की नाही, कधी करायचं’ हा घोळ चालू आहे, अशांसाठी. आमच्या घरात तो सात वर्षं चालला, आणि चालवणारा मी होतो.

सुभेदार एक वर्षाचा असताना पहिल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. "एक वृषण आत आहे. याला क्रिप्टॉर्किड म्हणतात. पोटाच्या उष्णतेत ते पुढे बिघडू शकतं. न्यूटर करा, दोन्ही काढून टाकू."

मी उभा राहिलो. हात पसरले. म्हणालो, "डॉक्टर, जहाजावर महत्त्वाचा प्रत्येक पंप जोडीनं असतो. एक चालू, एक स्टँडबाय. आमच्या सुभेदाराचीही तशीच सोय आहे. आणि तुम्ही मला दोन्ही पंप काढायला सांगताय?"

नर्स हसली. डॉक्टरही हसले. हशा मिळाला की मला मुद्दा जिंकल्यासारखं वाटतं. आम्ही घरी आलो.

स्मिता दर वर्षी विचारायची, "तू बोटीवर गेलास की मी उरकून घेऊ का?"

"मी नसताना? घरातल्या एकमेव पुरुषावर असा भ्याड हल्ला?"

"मग तू असताना करू."

"सुट्टीत दवाखाना? सुट्टी संपत आली की बघू."

सुट्टी संपत आली की बॅगा भरायच्या असायच्या.

आठव्या वर्षी गंमत सुरू झाली. पाण्याकाठच्या फिरायच्या रस्त्यावर बाकीचे नर कुत्रे सुभेदाराच्या मागे लागू लागले. एक पूडल तर मालकिणीला फरपटत घेऊन यायचा. मला काय, आयता खजिना सापडला! सेरंगूनला मित्रांकडे जेवणं झाली की मी खुर्चीवर चढायचो. आधी मिशाळ सुभेदार व्हायचो, मग लाजणारा सुभेदार, मग पूडल. लोक डोळे पुसायचे. पुढे त्याची स्तनाग्रं सुजली, दोन्ही कुशींचे केस विरळ झाले, तो बसून लघवी करू लागला. मी ते सगळं दुसऱ्या अंकात घातलं.

तीन महिने. ती सगळी लक्षणं होती, आणि मी त्यांचे प्रयोग लावत होतो.

मग एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्यांवर लाल ठिपके होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कधीपासून?" मी सवयीनं सुरुवात केली, "त्याचं काय झालं, आमच्याकडे एक पूडल..."

"बाबा," ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "जस्ट आन्सर हर लाह."

"तीन महिने," मी म्हणालो.

आता पेच असा होता. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, इतक्या कमी की ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होऊन तो टेबलावरच जाऊ शकतो. थांबून औषधं द्यावीत, तर ती गाठ आत विष ओततच राहणार.

"तुमचा कुत्रा असता तर?" मी विचारलं.

"आज केलं असतं. आधी ताजं रक्त द्यायचं आणि लगेच आत घ्यायचं." त्यांनी फाइल मिटली. "पण माझा असता, तर सात वर्षांपूर्वीच केलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

संमतिपत्रावर ‘मृत्यू’ हा शब्द होता. मी पेन स्मितापुढे धरलं.

"नाही, चीफसाहेब," ती म्हणाली. "सात वर्षं ‘नाही’ तू म्हणालास. ‘हो’सुद्धा तूच म्हण."

सही केली. 

दवाखान्यानं फोनाफोनी करून रक्त देणारा कुत्रा शोधला. सेरंगूनचे एक चिनी अंकल आपल्या दांडग्या गावठी कुत्र्याला टॅक्सीत घालून घेऊन आले. मी त्यांचे हात धरले. ते अवघडून म्हणाले, "मला कशाला थँक यू? रक्त त्याचं. आणि त्यानं बिस्किटासाठी दिलं लाह."

ऑपरेशन दीड तास चाललं. वेटिंग रूममध्ये समोर एक गृहस्थ बादलीत कासव घेऊन बसले होते. कासव, बादली आणि ऐकायला माणूस! मी तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. ईरानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, नो नीड टू बी फनी नाउ, ओके?"

तेव्हा मी रडलो. कासववाले गृहस्थ सभ्यपणे बादलीत बघत राहिले.

तो वाचला. गाठ पसरलेली नव्हती. मला वाटलं, सुटलो. पण खरी परीक्षा पुढेच होती. विष थांबलं तरी अस्थिमज्जा जागी होईलच असं नसतं. काहींची होते, काहींची होत नाही, आणि कळायला आठवडे जातात. दर चार दिवसांनी रक्त तपासायचं. पहिल्यांदा आकडे घसरले. दुसऱ्यांदा आणखी घसरले. पुन्हा रक्त चढवलं. पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून जंतुसंसर्गाची भीती, म्हणून बाहेर न्यायचं नाही. कंपनीला कळवलं, घरात आजारपण आहे, दुसरा चीफ बघा. कोण आजारी ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी त्याच्याशेजारी फरशीवर झोपायचो. हातानं भात भरवायचो. तो खायचा, कारण मी भरवतोय. तो माझ्यावर रागावलेला नव्हता. हे सहन करणं सगळ्यात अवघड होतं.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या तपासणीतही वाढ नसेल, तर आपल्याला दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलावं लागेल."

तुमच्या कुत्र्याची दोन्ही वृषणं खाली असतील, तर करायचं की नाही, कधी करायचं, यावर डॉक्टरांशी वाद घाला. जात, वय, वाढ, स्वभाव, सगळं विचारा. डॉक्टरांतही मतभेद आहेत. पण एक आत राहिलं असेल, तर विनोद करू नका. तारीख घ्या. आणि कुत्रा अचानक गमतीदार वागायला लागला, तर कुणाला सांगण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पुढच्या तपासणीला मी एकटाच त्याला घेऊन गेलो. घरच्यांना मीच येऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, चपलांकडे बघत होतो.

"पेशी वाढल्यात," त्या म्हणाल्या. "थोड्याच. पण हे चढवलेलं रक्त नाही. हे त्यानं स्वतः बनवलंय."

मी विचारलं, "आता मी काय करू?"

"घरी घेऊन जा."

मी त्याला उचललं आणि बाहेर फुटपाथवर बसलो. टॅक्सी बोलवायला मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. सुभेदार मांडीवर झोपून गेला होता. म्हटलं, झोपू दे. त्याला काम आहे.