गेम ठेवायला कोरडी जागा

अख्खी इमारत त्यांना लिफ्टभाऊ म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि जुने कॉम्प्युटर गेम जमवणं हे त्यांचं वेड. गेम म्हणजे पुठ्ठ्याची मोठाली खोकी. आत सीडी नाहीतर फ्लॉप्या आणि एखादं जाडजूड माहितीपुस्तक. बंद पडणारी दुकानं, रद्दीवाले, नुकतीच लग्नं झालेले मित्र, जिथून मिळेल तिथून भाऊ ती उचलून आणायचे. पलंगाखालची जागा संपली, कपाटांवरची संपली आणि एक दिवस बायको आंघोळीला गेली तर बाथरूमच्या माळ्यावरून एक अख्खं अंतराळयुद्ध तिच्या डोक्यात पडलं.

ती केस न पुसताच बाहेर आली.

"हे खेळता तरी का कधी?"

"खेळायचं तर वरचं प्लास्टिक फाडावं लागतं."

"मग फाडा."

"फाडलं की सील गेलं ना!"

बायकोने निर्वाणीचं सांगितलं, या घरात एकतर खोकी राहतील नाहीतर मी. भाऊंनी विचार करायला थोडा वेळ मागितला. तिथेच त्यांचं चुकलं.

मग जागेचा शोध सुरू झाला. सीडीला दमट हवा चालत नाही, फ्लॉपीला लोहचुंबक चालत नाही, पुठ्ठ्याला ऊन सोसत नाही. ओल कुठे आहे ते कळावं म्हणून भाऊंनी घरात जागोजागी मिठाच्या बश्या ठेवल्या. गॅलरीतल्या मिठाचं पाणी झालं. स्वयंपाकघरातल्या माळ्यावरच्या मिठाचा गोळा झाला. सासूबाईंच्या घरी, त्यांच्या कपाटात ठेवलेली बशी मात्र रिकामीच मिळाली; सासूबाईंनी मीठ भाजीत वापरून टाकलं होतं.

मेहुणा म्हणाला, "भावजी, सगळं एका हार्डडिस्कवर उतरवून घ्या. काडेपेटीएवढ्या जागेत मावेल."

"आणि खोकी?"

"द्या रद्दीत."

भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने सासऱ्यांनाच रद्दीत घालायला सांगितलं होतं.

शेवटी एकच बशी कोरडी ठणठणीत निघाली, ती इमारतीच्या सामानाच्या लिफ्टमधली. मोटर जळाल्यापासून ती लिफ्ट तळमजल्यावर बंद पडून होती. ऐसपैस होती, अंधारी होती आणि चावी भाऊंकडेच होती. चेअरमन मोबाइलवर बोलत असताना भाऊंनी परवानगी विचारली. चेअरमननी हात हलवला. तो हो म्हणून हलवला की माशी हाकलायला, यावर पुढे बरीच भांडणं झाली. भाऊंनी लिफ्टमध्ये भिंतींना रॅक ठोकले, गेम प्रकारानुसार लावले आणि कित्येक दिवसांनी घरी पाय पसरून झोपले.

पुढे झालं असं, की माणसांच्या लिफ्टचा एक भाग मोडला. तो कुठे मिळेना. भाऊ परगावी कामावर होते, म्हणून चेअरमननी त्यांच्या घरून चावी घेतली आणि दुसरीच माणसं बोलावून सामानाच्या लिफ्टला नवी मोटर बसवली. भाऊ परतले तेव्हा तळमजल्यावर रांग लागली होती आणि त्यांचा संग्रह सहाव्या मजल्यावर गेला होता.

दारावर चेअरमनची सूचना चिकटली होती : 'गेमसह फक्त चार माणसे.'

लोक रॅकच्या मधे अंग चोरून, आडवे उभे राहायचे. कुणी जाताजाता खोकी चाळायचं, कुणी त्यांवर कोपर टेकायचं. भाऊंचा जीव खालीवर व्हायला लागला, आणि त्याच्याबरोबर भाऊही. सुट्टीच्या दिवशी ते स्टूल घेऊन लिफ्टमध्येच बसू लागले. "हात लावू नका, कोणता मजला?" हे त्यांचं एका श्वासातलं वाक्य झालं.

सहाव्या मजल्यावर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. बाई एकदा लिफ्टमध्ये शिरल्या त्या उतरेचनात. एका खोक्यामागचा नकाशा पाहून त्यांचं डोकं फिरलं होतं.

"ही नदी डोंगरावर चढतेय!"

"खेळातली नदी आहे, बाई."

"म्हणून काय झालं? या राज्यात पीक येणारच नाही. येतं का?"

भाऊंनी मान खाली घातली. "माहीत नाही. कधी उघडलाच नाही."

बाईंनी पर्समधून कात्री काढली. भाऊ "अहो, अहो" म्हणेपर्यंत प्लास्टिक फाटलं होतं. भाऊ मटकन स्टुलावर बसले. काहीतरी भयंकर होईल असं त्यांना वाटत होतं. झालं काहीच नाही. फक्त खोक्यातून नव्या कागदाचा, कित्येक वर्षं कोंडलेला वास आला आणि तो त्यांना फार आवडला.

बाईंकडे सीडी चालणारा जुना कॉम्प्युटर होता आणि एक रिकामी, कोरडी खोलीही होती. "आणा सगळं माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण मी उघडून खेळणार. कबूल?"

भाऊंनी या वेळी विचार करायला वेळ मागितला नाही. रॅक सहाव्या मजल्यावर गेले. बाईंचं राज्य उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. भाऊ रोज कामावरून परस्पर तिकडेच जाऊ लागले. बायकोने थोडे दिवस घरातल्या मोकळ्या जागेचं कौतुक केलं, मग तीही वर गेली आणि बाईंची सेनापती होऊन बसली.

परवाची गोष्ट. भाऊ एका कचेरीतल्या अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभे राहून काम करत होते. आत माणसं अडकलेली. इतक्यात बाईंचा फोन आला.

"भाऊ, दुष्काळ पडलाय! तुमची बायको म्हणते शेजारच्या राज्यावर चाल करू. मी म्हणते कोठार बांधू. लवकर सांगा!"

"बाई, मी कामात आहे. कोठारच बांधा," भाऊ ओरडले.

पायाखालून, बंद लिफ्टमधून एक जाड आवाज आला. "कोठार नको! आधी तलाव खणायला सांगा त्यांना!"

"आणि करमाफी द्या," आतूनच दुसरं कुणीतरी म्हणालं.

भाऊंनी पाना बाजूला ठेवला, फोन स्पीकरवर टाकला आणि टपावर मांडी घातली.