अडलेल्या शब्दाचे शेजारी

बाईंनी मासिक माझ्या हातातून ओढून घेतलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. पाहुण्यांसमोर. पुढून पुसलं, मागून पुसलं, मग टीपॉयवर ठेवलं. माझे हात धुतलेले होते. नुकतीच मी त्याच हातांनी कणीक मळून ठेवली होती आणि तिच्या पोळ्या हे सगळे लोक थोड्या वेळाने चवीने खाणार होते.

माझा गुन्हा काय? रिकामे कप उचलताना मासिकाचं उघडं पान दिसलं. एक शब्द अडला. मी मासिक उचललं आणि विचारलं, "बाई, अपरिहार्य म्हणजे काय?"

सगळा हॉल हसला. एक पाहुणे म्हणाले, "अरे वा डॉक्टर, तुमच्याकडे कामवालीसुद्धा साहित्यिक!"

बाई म्हणाल्या, "अर्थ कळून तू काय करणार गं? भांडी जास्त स्वच्छ निघणार का?"

डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा आण." हसण्याएवढीही माझी किंमत नव्हती.

हे कुवेतमधलं, दस्मान भागातलं घर, समुद्राजवळचं. साल नव्वद, उन्हाळा सुरू झालेला. साहेब मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी त्यांच्याकडे स्वयंपाक, झाडूपोछा, सगळंच करायचे. स्वयंपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत झोपायचे. नवरा गेलेला, पोरगी नांदेडकडे माझ्या बहिणीपाशी. माझं आडनाव ऐकल्याबरोबर आमची घरं गावाच्या कुठल्या टोकाला असतात ते बाईंना कळलं होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फडकं बोलायचं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. वाचायची भूक मात्र जात नव्हती. साहेबांच्या काचेच्या कपाटात जाडजूड शब्दकोश होता. कपाटाला कुलूप. मग मी माझी रीत काढली. आमच्या वस्तीत नवा माणूस आला की त्याला तोंडावर 'तू कोण' म्हणून विचारत नसत. तो कुणाच्या ओट्यावर टेकतो, कुणाकडे पाणी पितो, कुणाला बघून रस्ता बदलतो, त्यावरून ओळखायचे. शब्दालाही मी तसंच ओळखायला लागले. अडला तर अडला. त्याचे शेजारी बघायचे. मागची ओळ, पुढची ओळ.

फडताळात अंथरायला इंग्रजी पेपर यायचे. डबे बाजूला सारून मी ते वाचायचे. अक्षरं जुळायची, अर्थ लागायचा नाही. एकदा अॅम्बॅसडर हा शब्द आला. म्हटलं, हा तर ओळखीचा. आमच्या तहसीलदाराची पांढरी गाडी. पण पेपरातली अॅम्बॅसडर मंत्र्याला भेटली. त्याच्याशी बोलली. त्याच्याबरोबर जेवली. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की ही गाडी नव्हे, कुणीतरी मोठा माणूस आहे. मी एकटीच फडताळात तोंड घालून हसले होते. त्या घरात एवढं मोकळं हसू मला दुसऱ्या कशाने आलेलं आठवत नाही.

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. सकाळी खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर रणगाडे. फोन बंद. पावासाठी रांगा. दुकानांच्या काचा फोडून लोक टीव्ही, फ्रिज, गाद्या उचलून नेत होते. खालच्या मजल्यावरचं कुटुंब निघून गेलं आणि दुसऱ्याच दिवशी सैनिकांनी त्यांचं दार तोडलं. आतून बाईमाणसाच्या ओरडण्याचा आवाज आला. त्यांची कामवाली मागे राहिली होती. तिचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. मी कानात बोटं घालून ओट्याखाली बसले होते.

मग कळलं, हिंदुस्थानी लोकांना बसने बगदादमार्गे जॉर्डनला नेणार, तिथून विमानाने घरी. अब्बासिया या हिंदुस्थानी वस्तीतल्या एका शाळेत नावं लिहून घेताहेत. बाई बॅगा भरायला लागल्या. मी विचारलं, "बाई, माझं?"

"नोटिशीत स्पष्ट लिहिलंय, नोकरांना आत्ता नेत नाहीत. मालक पोचल्यावर त्यांनी अर्ज करायचा. तोवर तू घर सांभाळ. आतून कडी लाव म्हणजे झालं."

आतून कडी. खालच्या घरालाही आतून कडी होती.

पोरीचं तोंड डोळ्यासमोर येईना. खरंच येईना, कितीही आठवलं तरी. त्याचीच जास्त भीती वाटली. मी मेले तर तिला सांगायलाही कुणी जाणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तांदूळ आणायला मला ड्रायव्हरबरोबर अब्बासियाला पाठवलं. ड्रायव्हर पावाच्या रांगेत लागला. मी शाळेच्या फाटकाशी गेले. तोबा गर्दी. भिंतीवर टाईप केलेली नोटीस चिकटवलेली. इंग्रजी.

कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. शेजारी रत्नागिरीकडचे एक दाढीवाले चाचा उभे होते. ते म्हणालेही, "काय झाला गो? वाचून दाखवू?" मी मानेने नको म्हटलं. आजवर जे काही मला वाचून दाखवलं होतं ते दुसऱ्याच्या सोयीचं निघालं होतं.

बोट ठेवून वाचायला लागले. घरकाम करणारे, ड्रायव्हर, हे कळलं. नाव नोंदवू शकतात, हेही कळलं. पुढे शब्द आला इरिस्पेक्टिव्ह. त्यापुढे स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणजे माझे डॉक्टरसाहेब. पण मधला तो लांबलचक शब्द काय म्हणतोय? मालकासकट? मालकानंतर? मालकाच्या परवानगीने? माझा जीव त्या एका शब्दापाशी अडकला. मागून लोक ढकलत होते. घाम डोळ्यात जात होता.

खालची ओळ धरली. ज्यांचा स्पॉन्सर निघून गेला आहे किंवा सापडत नाही, त्यांनी पासपोर्ट घेऊन एकट्याने यावं. पुन्हा वर गेले. पुन्हा खाली आले. मालक सापडत नसेल तरी या म्हणतात, तर वरचा शब्द मालकाला बरोबर आणा कसा म्हणेल? मालक असो की नसो, एवढंच तो म्हणत होता. दुसरं काही त्या जागी बसतच नव्हतं.

बाई खोटं बोलल्या होत्या.

मी तिथेच मटकन खाली बसले आणि रडले. सुटका दिसली म्हणून नाही. मला मरायला ठेवून जाणारी माणसं रोज माझ्या हातचं खात होती, म्हणून.

उठून टेबलापाशी गेले. नावं लिहिणाऱ्या पोराला विचारलं, "मालकाशिवाय चालतं ना?"

"मालकाशी आम्हाला काय करायचंय, ताई? पासपोर्ट आणा. उद्या सकाळी बस आहे."

पासपोर्ट साहेबांच्या लोखंडी कपाटात होता. मी घरी गेले. तांदळाची पिशवी दाराशी ठेवली आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसले. पहिल्यांदाच. बाई बघतच राहिल्या.

"माझा पासपोर्ट द्या."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. नोटीस वाचली."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"सगळं कळलं. तुम्ही लपवलं तेवढं तर नक्कीच कळलं."

साहेब आतून आले. म्हणाले, "उद्या बघू."

"उद्या बस आहे, साहेब. शाळेत सगळे तुम्हाला मान देतात. आत्ता पासपोर्ट दिला नाहीत तर त्या टेबलापाशी उभी राहून ओरडेन. खालच्या घरातली कामवाली कशी ओरडली तेही सांगेन."

साहेबांनी कपाट उघडलं. पासपोर्ट माझ्या पायापाशी फरशीवर टाकला.

त्या घरात मला कधी कुणी हातात काही दिलं नव्हतं. किल्ली, भाजी, तापाची गोळीसुद्धा ओट्यावर ठेवायचे आणि मागे सरकायचे. मी वाकून उचलायचे. इतकी वर्षं उचललं. पासपोर्टकडे बघितलं. माझा जीव तिथे पडला होता. तरी वाकले नाही.

"हातात द्या."

बाई म्हणाल्या, "माजलीस."

"हातात द्या."

साहेबांनी वाकून उचलला. माझ्या हातात दिला. माझ्या बोटांना त्यांची बोटं लागली. तसेच ते मोरीकडे गेले. नळाचा आवाज ऐकत मी दार उघडलं आणि बाहेर पडले.

पुढे सगळे हालच होते. वाळवंटातले तंबू, पाण्यासाठी मारामारी, जुलाब. घरी पोचले तर पोरीने मला ओळखलं नाही. ती मावशीच्या मागे लपली. हाताला काम नव्हतं.

एक्याण्णवला लढाई संपली. काही महिन्यांनी बाईंचा निरोप आला. कुवेत पुन्हा सुरू झालंय, झालं गेलं विसर, परत ये, तिकीट पाठवतो. बहीण म्हणाली, "जा बाई. लेकराचं बघ." मी उलट निरोप धाडला. येते, पण पासपोर्ट माझ्याजवळ राहील. त्यावर उत्तर आलं नाही.

आता मी वीटभट्टीवर जाते. पोटभर मिळतंच असं नाही. पण मुकादमाने अंगठा मागितला की मी कागद मागते. तो खेकसतो. बाकीच्या बायका घाबरतात. मी वाचते. शब्द अडला तर सगळं काम थांबवून त्याच ओळीवर उभी राहते, कळेपर्यंत. काम गेलं तर जाईल, आधीही गेलंय. 'यात काय लिहिलंय' हे मात्र या जन्मात मी कुठल्याही मालकाला विचारणार नाही.