विमानातला मामा

लेकीच्या पोराचं जावळ काढायचं ठरलं, तिच्या सासरी, चकलांब्याला. आमच्यात जावळाला पोर मामाच्याच मांडीवर बसतं. अन् मामा, म्हणजे माझा पोरगा, कॅनडात. येतो म्हणाला. मग काय, माझे पाय जमिनीवर ठरंनात.

फोनला तोंडानंच विचारलं, टोरंटोहून मुंबई किती लांब. फोनमधली बाई म्हणाली, साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. ते मी चौसाळ्यात आमच्या गल्लीभर सांगून आले. पोरानं ‘विमानात बसलो’ म्हणून निरोप धाडला, तिथून पंधरा तास धरले, पुढं मुंबईहून गाडीची रात्र धरली, अन् विहिणीला कळवून टाकलं, सकाळी न्याहारीच्या वक्ताला मामा हजर!

ह्यात काही चुकंल असं मनातसुद्धा आलं नाही. उमेदीत आम्ही ऊसतोडीला जायचो. ट्रकात एकदा बसलं की थेट कारखान्यावरच उतरायचं. विमान मधीच कुठल्या देशात उतरवतं, अन् दुसऱ्या विमानासाठी माणसं अर्धा अर्धा दिवस बसून राहतात, हे मला कुठं ठाऊक? पोरानं सांगितलंही असंल. मी ऐकलं असंल तर ना.

चकलांब्याला पोचले तर माझ्या दिराचा पोरगा आधीच आलेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या टोळीची गाडी उसाला निघायची होती, तरी आला. बाळासाठी कपडे, टोपी घेऊन. लेकीच्या लग्नात भाऊ म्हणून पाठीशी हाच उभा होता. अन् मी चारचौघांत म्हणाले, “राहू दे ते पिशवीत. खरा मामा येतोय.”

त्यानं गुमान पिशवी खुंटीला अडकवली.

दुपार झाली. मटण शिजून निवलं. न्हावी दोनदा उठून गेला. पाहुणे उपाशी, बाळ रडून लालभडक. विहीण म्हणाली, “इहीणबाई, इमानाला बैल जुपलेत का वो?” सगळे हसले. लेकीनं मला आत ओढलं. “आई, मामाबिगर जावळ झालं तर मला ह्या घरात जल्मभर ऐकावं लागंल.”

तेवढ्यात पोराचा फोन. आत्ता कुठं मुंबईत उतरला होता.

आता पुतण्याला कुठल्या तोंडानं म्हणायचं, बस बाबा? मी नुसती उंबऱ्यात उभी. तोच उठला, टोपी काढली पिशवीतून.

“काकू, द्या पोराला हिकडं. मी लई जवळचा मामा हाय. चालत येतो!”

पुन्हा सगळे हसले, त्यात तोही. मला मान वर करवेना.

जावळ झालं, पंगती उठल्या, पुतण्या शेवटच्या पंगतीला जेवून गेला. गाडी धरायची होती त्याला. त्याला एक शब्दही बोलले नाही मी.

रात्री उशिरा पोरगा आला. निजलेल्या भाच्याच्या गोट्यावर हात फिरवत म्हणाला, “कुणाच्या मांडीवर बसवलं गं?”

“माझ्या भावाच्या,” लेक म्हणाली.

मी रस्सा गरम करायच्या निमित्तानं चुलीपुढं जाऊन बसले. तो कढून गेला तरी उठले नाही.