जाऊबाईंची सोन्याची पायरी

माझ्या थोरल्या जाऊबाई झाशीत दतिया गेटच्या आत, माडीवर दोन खोल्या आणि वर गच्ची अशा घरात एकट्या राहत होत्या. मुलगा पुण्याला. दर खेपेला तो त्यांना न्यायला येई आणि दर खेपेला एकटा परत जाई. शेवटी त्यानं माझ्यासमोर सांगून टाकलं, "आई, डोकं ठिकाणावर आहे तोवर राहा झाशीत. ज्या दिवशी गडबड दिसेल त्या दिवशी घराला कुलूप आणि तू माझ्याबरोबर."

"पुण्यात बसून तुला दिसणार कसं?" जाऊबाई म्हणाल्या.

तो हसला. त्याच मुक्कामात त्यानं आम्हा दोघींच्या मोबाइलवर कॅरमचा खेळ घालून दिला. गमतीत की विचार करून, ते मी तेव्हा विचारलं नाही.

कॅरम आम्हाला नवीन नव्हतं. आमचे यजमान दोघे सख्खे भाऊ, दोघे रेल्वेत. ते ड्यूटीवर गेले की दुपारी आम्ही जावा त्यांचा बोर्ड काढायचो. मी टहरौली खेड्यातली, शाळा पाचवीपर्यंत. जाऊबाई ग्वाल्हेरच्या, दहावी पास, आणि ते मला विसरू देत नसत. कॅरममध्येही त्या जिंकायच्या आणि मी हरायची. मग आम्ही स्टेशनकडे घर केलं, पुढे माझे गुडघे गेले, आणि जाणं-येणं सणावारापुरतं उरलं. मोबाइलमुळे दुपार परत आली. त्या तिकडे, मी इकडे, दोघी एका जोडीत, आणि समोर कुठल्या तरी गावची दोन परकी माणसं. खेळता खेळता बोलता येतं, ते आपल्या जोडीदारालाच ऐकू जातं.

या खेळात पायऱ्या आहेत. आधी सगळे लाकडात. मग तांबं, चांदी, सोनं आणि वर हिरा. आपण जिथे असू त्याचा बिल्ला नावाशेजारी दिसतो. जिंकलं की गुण मिळतात, हरलं की जातात, पण सारखे नाहीत. आपल्याहून वरच्याला हरवलं तर ओंजळभर, खालच्याला हरवलं तर चिमूटभर. खालच्याकडून हरलो तर मात्र चांगलेच जातात. मला ते पटलं. घरातही धाकटीची पोळी करपली तर कुणी काही म्हणत नसे. थोरलीची करपली की वर्षभर बोलत.

जाऊबाई पहिल्याच उन्हाळ्यात सोन्यात गेल्या. मी चांदीत अडकले ते अडकलेच. एक डाव जिंकायचा, एक हरायचा. पुतण्याला फोन करून म्हटलं, हा खेळ मला मुद्दाम वर जाऊ देत नाही.

"तसं नाही काकू. बिल्ला तो दाखवायचा. आत अजून एक आकडा चालतो, तो दाखवत नाहीत. त्यावरून तुझ्यासमोर कोण बसवायचं ते ठरतं. जिंकत गेलीस की तगडा माणूस आणतात, हरत गेलीस की कच्चा. म्हणून सगळेच निम्मे डाव जिंकतात."

"मग मी कुठे आहे ते मला कळायचं कसं?"

"समोर कोण बसलंय ते बघ. ती तुझी जागा."

"आणि तुझ्या आईचं सोनं?"

"तेही तसंच. शिवाय एकदा सोन्यात पाय पडला की सीझन संपेपर्यंत खाली टाकत नाहीत. कितीही हरली तरी बिल्ला सोन्याचाच."

सीझन म्हणजे जवळजवळ वर्षाचा काळ. तो संपला की नवा सुरू होतो आणि ज्याला त्याला त्या आतल्या आकड्याप्रमाणे पुन्हा बसवतात.

जाऊबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना बिल्ल्याचं भारी कौतुक होतं. दूधवाल्यालाही दाखवला होता. एखादी सोपी सोंगटी माझ्याकडून हुकली की म्हणायच्या, "अगं, चांदी काळी पडते, घासत जा जरा." मी म्हणायची, "तुम्ही तुमचं सोनं बघा, मुलामा निघेल." अशा आमच्या दुपारी.

थंडी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा मला खटकलं. आमच्या सोंगट्या पांढऱ्या होत्या. जाऊबाईंनी नेम धरून काळी घातली, अगदी सफाईदार.

"जाऊबाई, काळी त्यांची."

"माहीत आहे. वाट अडवून बसली होती."

वाट वगैरे काही अडलेली नव्हती. पुढच्या डावात पुन्हा काळी. मग एकदा राणी घेतली. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालावी लागते, नाहीतर ती परत मध्ये येऊन बसते. हे त्यांनीच मला नवी नवरी असताना शिकवलं होतं. सोंगटी भोकाच्या तोंडावर होती. त्यांनी ती सोडून दुसऱ्याच कोपऱ्यात मारलं आणि राणी परत आली तेव्हा म्हणाल्या, "हे काय, माझी राणी का काढली?"

"कव्हर झालं नाही."

"तू बोलत बसतेस मधे, भाभीजी," असं म्हणाल्या. मला त्या कधीच भाभीजी म्हणत नसत. शेजारच्या बाईला म्हणत.

म्हातारपणी नेम चुकतो, माणूस चुकून काही बोलतो. मी तेवढ्यावर काही धरलं नसतं. पण समोरची माणसं बदलायला लागली. मी एकटी खेळले की माझ्यासमोर पूर्वीसारखेच खेळाडू येत, एकेका फटक्यात दोन-दोन सोंगट्या घालणारे. जाऊबाईंबरोबर जोडीनं बसले की येत ते कच्चे. जोडीत दोघींचा आकडा मिळून बघतात. माझा जागेवर होता, म्हणजे खाली कोण ओढत होतं ते उघड होतं. पुढे पुढे तर समोर माणसंच येईनात. माणूस थांबतो, नेम बदलतो, जिंकला की हसरं तोंड पाठवतो. हे न थांबता मारत आणि एकदम वेडंवाकडं मारत. त्या पायरीवर माणसं पुरत नाहीत तेव्हा खेळ स्वतःच समोर बसतो.

"बघ कशी धूळ चारली," जाऊबाई म्हणायच्या. "आजकाल माझ्यासमोर कुणी टिकत नाही."

नावाशेजारी सोन्याचा बिल्ला तसाच होता.

एका शुक्रवारी त्या लक्ष्मी ताल तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात गेल्या. दर शुक्रवारी जातात. त्या दिवशी खेळायला आल्याच नाहीत. संध्याकाळी फोन केला तर म्हणाल्या, ई-रिक्षावाल्यानं भलतीकडे नेलं, हे लोक हल्ली मुद्दाम फिरवतात. मी विचारलं, त्याला पत्ता काय सांगितला होता? त्या चिडल्या. "मला पत्ता विचारतेस? लग्न होऊन मी त्या गल्लीत आले तेव्हा तू टहरौलीत शेळ्या राखत होतीस." आम्ही शेळ्या राखल्या नाहीत, माझे वडील पूजा सांगायचे. पण पत्ता काही त्यांनी सांगितला नाही.

त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन. "काकू, आई मजेत ना? अजून सोन्यात आहे, म्हणजे डोकं तल्लख आहे."

"बिल्ला आहे," मी म्हटलं.

"हां, तेच."

तो घाईत होता. मीही पुढे बोलले नाही. बोलले तर जाऊबाईंचं घर सुटणार होतं. आणि सांगायचं काय, तर तुझी आई काळी सोंगटी मारते?

दोन दिवस ते डोक्यात राहिलं. मग रिक्षा केली आणि सकाळच्या वेळी दतिया गेटला गेले, न सांगता. दार सताड उघडं. जाऊबाई पलंगावर बसून खेळत होत्या. केस विंचरलेले नव्हते. कधी काळी सकाळी सातला वेणी घालून तयार असणारी बाई. मला बघून त्यांना आनंद झाला, हे मी सांगायलाच हवं, कारण एरवी त्या दाखवत नसत. हात धरून बसवलं. मग माझ्या मागे दाराकडे बघून म्हणाल्या, "भावजी खालीच थांबले का? वर बोलाव त्यांना, चहा टाकते."

भावजी म्हणजे माझे यजमान. त्यांच्या तेराव्याचा स्वयंपाक जाऊबाईंनीच केला होता.

"ते नाहीत हो जाऊबाई आता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपण काहीतरी चुकलो एवढं त्यांना कळलं, काय चुकलो ते कळायला वेळ लागला. मग कळलं. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माहीत आहे मला. तुझी गंमत केली."

"अशी गंमत कोणी करतं?"

"तू आलीस कशाला? पोरानं पाठवलं?"

"नाही. मला भीती वाटली म्हणून आले. तुम्ही चुकताय. खेळात चुकताय, रस्ता चुकताय. डॉक्टरला दाखवू या. मी येते बरोबर."

त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ. काय आहे हे? सोनं. तुझं काय आहे? चांदी. चांदीतली बाई सोन्यातलीला सांगते चुकताय म्हणून."

"तो बिल्ला सीझन संपेपर्यंत जात नाही. समोर कोण बसवतात ते बघा. मशीन बसवतात तुमच्यासमोर."

"जळतेस तू. पहिल्यापासून."

जळत होते, ते खरं आहे. पण तेव्हा त्याचा संबंध नव्हता.

मग त्या एकदम खालच्या आवाजात बोलल्या, मारवाड्याच्या दुकानात भाव करताना बोलायच्या तशा. "त्याला सांगू नकोस. तिकडे नवव्या मजल्यावर मी काय करू? इथे निदान हाक मारली तर कुणी ओ देतं. तू येत जा ना दुपारची. इथे बसून खेळू. तू शेजारी असलीस की माझं चुकत नाही."

मी येईन म्हटलं असतं. गुडघ्यांचं कसंही निभावलं असतं, पण संध्याकाळी त्यांच्याजवळ कोण? पहाटे कोण? तोंडावर तसं म्हटलं तर त्यांनी पाठ फिरवली आणि खेळायला लागल्या. निघताना मी दार ओढून घेतलं. जिन्यावरून ऐकलं, कडी काही लावली गेली नाही.

घरी येऊन पुतण्याला फोन लावला. ऑफिसात होता. मी एका दमात सगळं सांगितलं: काळी सोंगटी, राणी, रिक्षा, भावजी.

"आणि बिल्ल्यावर जाऊ नकोस," मी म्हटलं. "तूच मला सांगितलं होतंस समोर कोण बसलंय ते बघायला."

दार लागल्याचा आवाज आला, तो उठून बाहेर आला असावा.

"मी बघतो रोज," मग तो म्हणाला. "खेळात मी तिचा मित्र म्हणून आहे, तिचे सगळे डाव मला दिसतात. दिवाळीपासून बघतोय. मशीनं येतात समोर, आणि त्यांच्याकडूनही ती हरते कधीकधी."

"मग मला सोनं सोनं काय सांगत होतास?"

"तू काहीतरी म्हणशील म्हणून थांबलो होतो. तू तिथे जवळ. इकडे आमच्या दोघांच्या नोकऱ्या, पोरांच्या परीक्षा. म्हटलं काकू काही म्हणत नाही म्हणजे अजून चाललंय."

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू माझ्या," मी म्हटलं. "आणि त्या दार उघडं टाकून बसल्या आहेत."

"येतो काकू. या रविवारी."

रविवारी तो बायकोला घेऊन आला. सोमवारी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं जे सांगायचं ते सांगितलं, त्यात आम्हाला नवीन काही नव्हतं. आठवड्याच्या आत घर आवरलं. पोराला मीच कळवलं हे जाऊबाईंना माहीत होतं. त्यांनी विचारलं आणि मी लपवलं नाही. स्टेशनवर मी गेले होते. पाया पडले तर आशीर्वाद दिला, तोंडपाठ असल्यासारखा, आणि डब्यात चढल्या. खिडकीतून सुनेनं हात हलवला. त्यांनी नाही.

घराचं मी आठवड्यातून एकदा बघते. शेजारची बाई विचारते, "दीदी, अम्माजी कब आ रही हैं?" मी सांगते, येणार नाहीत. ती म्हणते असं बोलू नये. मग काय बोलावं ते ती सांगत नाही.

महिनाभरानं नवा सीझन सुरू झाला. मी चांदीतच राहिले. जाऊबाईंना आतल्या आकड्याप्रमाणे बसवलं, थेट लाकडात. पुतण्यानं फोन केला. "काकू, आई दुपारी मोबाइल घेऊन बसते आणि तुझी वाट बघते. तू येत का नाहीस विचारते."

"माझ्यावर रागावल्या आहेत ना?"

"ते तिच्या लक्षात नाही."

मी खेळ उघडून त्यांना जोडीसाठी निरोप पाठवला. खेळानं नाही म्हटलं. एका पायरीचा फरक चालतो, दोन पायऱ्यांचा चालत नाही. चांदी आणि लाकूड यांच्यामध्ये तांबं आहे. पायरी लागत नाही असा साधा डावही त्यात असतो, तो खेळू म्हटलं, तर पुतण्या म्हणाला, तिला तो देऊन बघितला. खेळत नाही. ज्यात काही लागत नाही तो खेळ कसला, म्हणते.

"मग त्यांना तांब्यात आण," मी म्हटलं.

"ती वर नाही येणार आता काकू. तुला खाली यावं लागेल."

खाली यायचं म्हणजे हरायचं. सीझन संपेपर्यंत बिल्ला न काढण्याची सवलत सोन्याला आणि हिऱ्यालाच आहे, चांदीला नाही. हरत गेलं की खाली येता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हरायला बसले. पहिला डाव दिला. समोरच्यानं हसरं तोंड पाठवलं. दुसराही दिला, पुन्हा हसरं तोंड. तिसऱ्यात समोर कोणी अहमदाबादचा होता. त्यानं माझी शेवटची सोंगटी मुद्दाम भोकाच्या तोंडाशी सोडली आणि वर मलाच शाबासकीचा अंगठा पाठवला, जसं काही आजीबाईला भीक घालतोय. मी स्ट्रायकर ओढला आणि सोंगटी घातली. डाव जिंकले. दोन डावांत गेलेले गुण परत आले आणि वर थोडे मिळाले, कारण तो सोन्यातला होता.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला, किती उतरलीस म्हणून. मी म्हटलं, उद्या बघते.