तौनोच्या नावाचा लघुग्रह

तुर्कूच्या टेकडीवरच्या वेधशाळेत हेल्वी राउतानेन काचा तपासायची. रात्री प्राध्यापक काचेवर आकाशाचे फोटो घ्यायचे. दिवसा हेल्वी एकाच भागाच्या दोन काचा यंत्रात लावून ताडून पाहायची. हजारो ठिपक्यांत एखादा जागचा सरकलेला दिसला, तर तो तारा नव्हे. मंगळ आणि गुरूच्या मधून सूर्याभोवती फिरणारा दगड. बहुतेकदा तो आधीच कुणाच्या तरी यादीत असायचा.

१९३९च्या ऑक्टोबरात तिला सापडलेला ठिपका मात्र कुठल्याच यादीत नव्हता. प्राध्यापकांनी तीनदा खात्री केली आणि नाव तुम्हीच सुचवा म्हणाले. हेल्वीने धाकट्या भावाचं नाव सांगितलं. तौनो बोटी बांधायचा. त्याच आठवड्यात त्याला सैन्याचं बोलावणं आलं होतं. सीमेवरून त्याचं पत्र आलं : "दगडाला माझं नाव देतेस? शाळेत मास्तर मला दगड म्हणाले, तेव्हा तूच त्यांच्याशी भांडली होतीस."

पण दोन रात्रींच्या नोंदींवरून कक्षा काढता येत नाही, आणि कक्षा पक्की झाल्याशिवाय नाव लागत नाही. काही आठवड्यांनी तो दगड पुन्हा टिपायला हवा होता. नोव्हेंबरभर ढग हटले नाहीत. महिनाअखेर रशियाशी युद्ध पेटलं. शहरावर बॉम्ब पडू लागले, तशी दुर्बिणीची भिंगं खोक्यांत भरून एका खेड्यात हलवली. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि आकाश स्वच्छ झालं. एका रात्रीपुरती भिंगं परत आणता येतील का, असं हेल्वीने विचारून पाहिलं.

"हेल्वीबाई," प्राध्यापक म्हणाले, "ती फुटली, तर पुन्हा मिळायची नाहीत."

त्यांचं चुकत नव्हतं. पण भिंगं परत बसेपर्यंत ठिपका कुठल्या कुठे गेला होता.

फेब्रुवारीत तौनो मारला गेला. बाकीच्यांची प्रेतं गावी आली, याचं बर्फातच राहिलं. मार्चमध्ये तह झाला आणि ती जमीनही रशियाकडे गेली. आईला पुरायला काही मिळालं नाही. हेल्वीने तिला सांगितलं, तो दगड एक ना एक दिवस सापडेल, आणि त्याला तौनोचंच नाव लागेल. आई ते शेजारणींना सांगायची.

१९४८ साली एका परदेशी वेधशाळेचं पत्रक आलं. नवा लघुग्रह, पक्की कक्षा, चार वर्षं दोन महिन्यांची फेरी. एका साखर कारखानदाराच्या मुलीचं नाव त्याला दिलेलं होतं. आकडे वाचताना हेल्वीला शंका आली. सात आठवडे ती हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करत राहिली. गुरूची ओढ धरून नऊ वर्षं मागे गेली, आणि १९३९च्या त्याच दोन ठिपक्यांवर येऊन थांबली.

प्राध्यापकांनी कागद सावकाश वाचले. "तोच आहे," ते म्हणाले. "पण कक्षा ज्याने पक्की केली, नाव त्याने द्यायचं. नियम तुम्हाला मी काय सांगू?"

तरी त्यांनी पत्र लिहिलं. उत्तरात आभार होते. पुढच्या पत्रकात बारीक अक्षरात एक ओळ आली : तुर्कू, ऑक्टोबर १९३९, दोन वेध.

रविवारी आई बरणीत मासे मिठात घालत होती. हेल्वीने सगळं सांगून टाकलं. आईचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तिथेही नाही तो," आई म्हणाली.

"नाही."

आईने बरणीवर फळी ठेवली, फळीवर वजन ठेवलं आणि हात धुतले. शेजारणींपाशी तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

कोणता लघुग्रह पुढच्या वर्षी कुठे दिसेल, याची कोष्टकं वेधशाळेत वाटून करत. तो दगड हेल्वीच्या वाट्याला आला. प्राध्यापक म्हणाले, दुसऱ्या कुणाला देतो. तिने नको म्हटलं. निवृत्त होईपर्यंत, एकवीस वर्षं, ती त्याच्या जागा काढत राहिली, आणि दरवर्षी कोष्टकाच्या माथ्यावर त्या मुलीचं नाव स्वच्छ अक्षरात लिहीत राहिली.